बँडकॅम्पचा ‘किड्स’ विभाग बघा

यूट्यूबवर एक बालगीत लावलं की मागोमाग तीच ती झगमगीत कार्टून गाणी येतात, मग स्वतंत्र गायकांचं नवीन काही शोधायचं कुठे, असा प्रश्न पडतो. बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट संगीत विकत घेता येणाऱ्या संकेतस्थळावर ‘किड्स’ हा लहान मुलांच्या गाण्यांचा वेगळा विभाग आहे. आधी ऐका, आवडलं तर विकत घ्या; बहुतांश पैसे कलाकाराला जातात. २०२० पासून ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटाही सोडते. अल्बमच्या पानावर तो घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. एकावर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. माझी खरी शोधाशोध तिथूनच होते.

आणि नागपूरकरांनो, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कार्यक्रमांना लेकरांना न्याच. आपली भुलाबाईची गाणी कुणीतरी नव्यानं, नुसत्या टाळ्यांच्या ठेक्यावर रेकॉर्ड करावीत, असं फार वाटतं. कुणी करत असेल तर इथे कळवा, मी लगेच विकत घेईन.