टेस्ट रिपोर्टवर सही करणारा ठेकेदार घरी आलाच नव्हता. तक्रार कुठे करायची?

कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही वाळवा तालुक्यात राहतो, दोन वर्षांपूर्वी घर बांधलं. गेल्या महिन्यात सासूबाई सकाळी न्हाणीघरात गेल्या, गीझर चालू होता. ओल्या हाताने नळ सोडायला गेल्या आणि किंचाळल्या. मी धावले तेव्हा त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, उजवा हात खांद्यापासून थरथरत होता. हात झटक्याने सुटला म्हणून वाचल्या. दिरांनी मेन बंद केला आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. आता बऱ्या आहेत, पण न्हाणीघरात एकट्या जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या वायरमनला बोलावलं. त्याने गीझरच्या सॉकेटची प्लेट काढून मला दाखवली. हिरवी, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर, करंट परत नेणाऱ्या न्यूट्रललाच जोडलेली होती. मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन काळा पडला होता. मग आम्ही घराभोवती अर्थिंगचा खड्डा शोधला. तो नाहीच. मीटरच्या पेटीखालून हिरवी वायर निघते, हातभर खाली प्लास्टरमध्ये शिरते आणि तिथेच संपते.

मी घराच्या कागदांची फाइल काढली. मीटर घेताना दिलेल्या टेस्ट रिपोर्टची, म्हणजे वायरिंग तपासल्याच्या दाखल्याची, झेरॉक्स सापडली. तिच्यावर परवानाधारक ठेकेदाराचा शिक्का, परवाना क्रमांक, सही सगळं आहे. अर्थिंगचं रीडिंग लिहिलंय 1.2 ओहम. जो खड्डा खणलाच नाही, त्याचं रीडिंग! हा माणूस आमच्या दारात कधीही आलेला नाही. वायरिंग करणाऱ्या गावातल्या मुलाने "रिपोर्टचे वेगळे पडतील" म्हणून 1500 रुपये घेतले होते, ते कशाचे होते ते आता कळलं.

त्या मुलाचं आयुष्य बरबाद करायची माझी इच्छा नाही. पण ज्याने न बघता सही केली त्याला जाब कोण विचारतं? त्याचा परवाना कोणाच्या हातात असतो?

माळवाडीकर

ताई, आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. बाकी नंतर.

मेगर

ताई, मी विद्युत पर्यवेक्षक आहे, या कामात एकतीस वर्षं गेली. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घरातलं. गीझरचा एमसीबी बंदच ठेवा. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडणं हे सगळ्यात घातक. न्यूट्रल शाबूत आहे तोवर काहीच कळत नाही, लोक म्हणतात "चाललंय की". मेनकडे न्यूट्रल सुटला की गीझरच्या कॉइलमधून आलेला करंट त्याच जोडातून गीझरच्या अंगावर येतो आणि पत्रा, पाइप, नळ सगळं 230 व्होल्टला जाऊन बसतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) असता तर हात लागताक्षणी लाइन गेली असती.

दुरुस्ती लगेच करू नका. ती लाइन बंद करून आधी सॉकेट, मेन स्विच आणि प्लास्टरमध्ये संपणारी वायर यांचे फोटो काढा. एकदा नवं अर्थिंग झालं की जुनं कसं होतं हे सिद्ध करता येत नाही. चांगल्या घरांच्या तक्रारी मी याच एका कारणाने पडताना पाहिल्यात.

आता परवान्याचं. लोक अजून "पीडब्ल्यूडी लायसन" म्हणतात, पण आपल्या राज्यात वायरमनचा परवाना, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि ठेकेदाराची अनुज्ञप्ती हे तिन्ही अनुज्ञापक मंडळ देतं. मंडळ शासनाच्या ऊर्जा विभागाकडचं आहे, कार्यालय मुंबईत चेंबूरला, विजेची सुरक्षा बघणाऱ्या मुख्य विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाशी जोडलेलं. जो परवाना देतो तोच काढूनही घेऊ शकतो. ठेकेदाराला नोटीस जाते, बाजू मांडायची संधी मिळते आणि दोष ठरला तर परवाना निलंबित किंवा रद्द होतो.

नियम काय सांगतो? ग्राहकाच्या जागेतलं वायरिंगचं काम, नवं असो की वाढीव, परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली, आणि हात लावणाऱ्याकडेही परवाना हवा. 1956च्या नियमांत हा 45 क्रमांकाचा नियम होता. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010च्या सुरक्षा विनियमांत तो आला, आता 2023चे विनियम आहेत. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला यातून सूट आहे, अख्ख्या घराच्या वायरिंगला नाही. तुमच्या गावातल्या मुलाकडे आयटीआयचं प्रमाणपत्र असेल, पण ते म्हणजे परवाना नव्हे.

आणि टेस्ट म्हणजे काय, तेही सांगतो. 500 व्होल्टचा मेगर (माझं इथलं नाव ज्यावरून घेतलंय ते मोजमापाचं यंत्र) लावून प्रत्येक लाइव्ह वायर आणि अर्थ यांच्यामधलं इन्सुलेशन, म्हणजे करंट अडवायची ताकद, एक मिनिट मोजायचं, ते एक मेगओहमच्या खाली येता कामा नये. अर्थिंग वेगळ्या टेस्टरने, जमिनीत खुंट्या ठोकून मोजायचं. घरी न येता यातलं काहीही करता येत नाही. मी रीडिंग घेताना घरमालकाला शेजारी उभं करतो, काटा त्याला दाखवतो आणि मगच लिहितो. ज्या कागदावर भरवसा ठेवून मीटर बसतं, त्यावर खोटा आकडा लिहिणं म्हणजे बायाबापड्यांच्या जिवाशी खेळ आहे. यात दयामाया दाखवू नका.

काय करायचं ते लिहितो. वीज वितरण कंपनीच्या उपविभाग कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून टेस्ट रिपोर्टची साक्षांकित प्रत मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्या झेरॉक्सपेक्षा तिला वजन आहे. मग सांगलीच्या विद्युत निरीक्षकांकडे लेखी तक्रार, प्रत चेंबूरला मंडळाच्या सचिवांना. अर्जात "वायरिंग वाईट केलं" एवढंच लिहू नका. मुख्य मुद्दा सहीचा ठेवा: या तारखेला, या क्रमांकाच्या परवानाधारकाने, जागेवर न येता, नसलेल्या अर्थिंगचं रीडिंग प्रमाणित केलं. रिपोर्टवर पर्यवेक्षकाची सही आणि क्रमांक असेल तर तोही लिहा, त्यालाही उत्तर द्यावं लागेल.

शिवाय हा विजेचा अपघात आहे. वीज कायदा 2003च्या कलम 161खाली त्याची खबर विद्युत निरीक्षकाला जायला हवी. लेखी अहवाल 48 तासांत द्यायचा असतो, तो कोणी दिला नसेल तर दवाखान्याच्या कागदांसह आता स्वतः द्या.

तारतंत्री_25

काका, तुमचं सगळं बरोबर आहे, पण आमची बाजूही लिहितो. माझ्याकडे वायरमनचा परवाना आहे. ठेकेदाराचा काढायचा तर मेगर, अर्थ टेस्टर अशी उपकरणं स्वतःची हवीत, पर्यवेक्षक हवा. खेड्यात महिन्याला दोन घरं मिळतात, त्यात हे कसं बसवायचं? म्हणून आम्ही तालुक्याच्या ठेकेदाराकडे सहीसाठी जातो. मी तीन ठेकेदारांकडे गेलो, पैकी एकच म्हणाला, "गाडीचं पेट्रोल दे, मी येऊन मोजतो." आता त्याच्याशिवाय कोणाकडे जात नाही. ताई, तो एक माणूस आहे म्हणून सांगतो, तक्रार कराच. घरी जाऊन मोजणाऱ्याला 1500मध्ये परवडत नाही आणि घरबसल्या सही करणारा त्याचं काम पळवतो.

कृष्णाकाठ

मेगर काका, तारतंत्री दादा, मनापासून आभार. एकच शंका. दवाखान्याचे आणि पुन्हा वायरिंगचे पैसे मंडळ देववेल का?

मेगर

नाही. मंडळाचा हात परवान्यापुरता. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि कामाचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. निरीक्षकांचा पाहणी अहवाल हातात आला की तो तिथे जोडा. घर दोन वर्षांचं झालंय म्हणता, म्हणजे मुदत कुठून मोजायची यावर समोरचा भांडेल. वाट बघत बसू नका.

कृष्णाकाठ

आज सांगलीला जाऊन अर्ज दिला, पोहोच घेतली. चेंबूरची प्रत रजिस्टर्ड टपालाने पाठवली. माहिती अधिकाराचा अर्ज दिरांनी उपविभागात दिला. फोटो सव्वीस झालेत, प्लास्टर फोडून वायरचं टोक दाखवणारा एक व्हिडिओही आहे.

परवा रात्री वायरिंग करणारा तो मुलगा घरी आला होता, आईला घेऊन. सासूबाईंच्या पायाजवळ बसून रडला. म्हणाला, अर्थिंग न्यूट्रलला जोडायचं हेच त्याला उस्तादाने शिकवलं होतं आणि त्याने असंच अकरा घरांत केलंय. मी त्याला त्या अकरा घरांची नावं लिहायला बसवलं. काका, ती यादी अर्जासोबत जोडली आहे. पण निरीक्षकांची पाहणी होईपर्यंत त्या घरांत न्यूट्रल ढिला झाला तर? उद्यापासून तो आणि मी दारोदार जाऊन गीझर बंद ठेवायला सांगणार आहोत. तिथे आणखी काय बंद करायला सांगू, तेवढं आज रात्रीत लिहाल का?

मेगर

गीझर, पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, पत्र्याचा कूलर, फ्रिज, इस्त्री. तीन पिनांचं जे जे असेल ते सॉकेटमधून काढून ठेवायला सांगा, नुसता स्विच बंद करून भागणार नाही. लोखंडी स्विचबोर्ड कुठे असेल तर त्याला हात लावू देऊ नका. माझा मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन रविवारी सकाळी मी मिरजेहून येतो. पत्ता खाजगी संदेशात पाठवा, आणि त्या मुलाला थांबायला सांगा.