मदत हवी आहे : आठ दिवस बाहेर जायचंय, कोंबड्यांचं काय करू?

नमस्कार मंडळी. आम्ही कुडाळजवळ राहतो. परसात आठ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. मे महिन्यात भाच्याच्या लग्नाला नागपूरला जायचंय, जाऊन-येऊन आठ दिवस. शेजारच्या काकू बघतील, पण त्यांचे गुडघे दुखतात. दिवसातून एकच फेरी, तीही संध्याकाळी, एवढंच त्यांच्याकडून होईल. त्याहून जास्त सांगायला मलाच जीभ रेटत नाही.

खाण्याची काळजी नाही. एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम, म्हणजे सगळ्यांना मिळून रोज किलोभर. पीव्हीसी पाइपचा उभा फीडर करून भरून ठेवीन. मुंग्यांना काय करू, तेवढं सांगा.

खरी अडचण पाण्याची आणि दाराची. या उन्हात पसरट भांड्यातलं पाणी दुपारपर्यंत कढत होतं, शिवाय त्यातच उकरून घाण करतात. निपलवाला ड्रम (खाली छोट्या तोट्या, चोच लावली की थेंब थेंब पाणी येतं) सावलीत ठेवला तर जमेल का? त्या निपलला चोच लावायला किती दिवसांत शिकतात?

तिन्हीसांजेला त्या आपणहून खुराड्यात शिरतात, काकूंनी फक्त कडी घालायची. पण सकाळी उघडणार कोण? खुराड्याला जोडून जाळीचा बंदिस्त पिंजरा केला तर आठ दिवस आतच ठेवता येतील, पण गेल्या वर्षी मुंगसाने जाळीखालून उकरून दोन तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या) नेल्या. जाळी जमिनीत किती खोल गाडावी?

आणि एक कोंबडी खुडूक बसली आहे, म्हणजे अंडी उबवायला. तिला अंडी देऊ की उठवू? अंडी काकूंनीच न्यावीत, तेवढाच मोबदला त्या घेतील.