मदत हवी आहे: बेस गिटारवर कॉर्ड टोन वाजवताना ‘सा’ कोणता धरावा?

सर्वांना सविनय नमस्कार.

मी गोव्यात फोंडा तालुक्यात राहते. लहानपणापासून भजनाला हार्मोनियमची साथ करत आले आहे आणि गेल्या दीड वर्षापासून बेस गिटार शिकत आहे. भाचा शिक्षणासाठी पुण्याला गेला, त्याचे वाद्य घरी राहिले, आणि त्याच सुमारास शेजारच्या वाड्यावरील मंडळींना बेस वाजवणारे कोणी मिळत नव्हते, अशी ही सुरुवात झाली. आमच्या संचात कीबोर्ड, गिटार, ड्रम आणि एक ज्येष्ठ व्हायोलिनवादक आहेत. फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) आणि लग्नाच्या कार्यक्रमांत आम्ही वाजवतो. आता या वाद्याची मला मनापासून ओढ लागली आहे, म्हणून अडचण सविस्तर मांडत आहे.

माझा बेस चार तारांचा आहे: जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या शुद्ध मध्यमात लावलेली असते, हे हार्मोनियममुळे मला लगेच उमगले. पहिले वर्षभर मी प्रत्येक कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) फक्त रूट, म्हणजे मूळ स्वर, वाजवला. त्यानंतर कॉर्ड टोनचे, म्हणजे कॉर्डमधल्या स्वरांचे, आकार पाठ केले: रूटच्या लगतच्या बारीक तारेवर एक फ्रेट (दांडीवरील आडव्या पट्ट्यांनी आखलेले घर) मागे मेजर थर्ड (रूटला सा धरल्यास शुद्ध गंधार), त्याच तारेवर रूटपासून दोन फ्रेट पुढे फिफ्थ (पंचम), आणि आणखी पुढच्या तारेवर तितक्याच फ्रेटवर वरचा रूट. मायनर (कोमल गंधाराचा) कॉर्ड असेल तर थर्ड रूटच्याच तारेवर तीन फ्रेट पुढे सापडतो. हे आकार डोळे मिटूनही बोटांना येतात.

अडचण गाणे सुरू झाल्यावर येते. समजा चाल पांढरी एकमध्ये आहे, म्हणजे सीमध्ये, आणि कॉर्ड सी, ए मायनर, डी मायनर, जी सेव्हन अशा क्रमाने येत आहेत. भजनाच्या साथीत षड्ज एकदा ठरला की तो शेवटपर्यंत ठरलेला असतो आणि उरलेले सगळे स्वर त्याच्याकडे पाहून ओळखायचे असतात. इथे मात्र ए मायनर आला की जो सी आतापर्यंत माझा षड्ज होता, तोच त्या कॉर्डचा मायनर थर्ड, म्हणजे कोमल गंधार होतो. प्रत्येक कॉर्डला नवा षड्ज धरावा तर चार मात्रांत विचार पूर्ण होईपर्यंत पुढचा कॉर्ड येऊन ठेपतो, आणि एकच षड्ज धरून ठेवावा तर थर्ड-फिफ्थ ओळखू येत नाहीत. त्यात आमचे व्हायोलिनवादक जुन्या पद्धतीने चर्चच्या शाळेत शिकलेले असल्याने सीला नेहमीच ‘दो’ आणि एला नेहमीच ‘ला’ म्हणतात, गाणे कोणत्याही पट्टीत असो. त्यांचा कान विलक्षण तयार आहे आणि ते मला फार प्रेमाने सांगतात, परंतु तीन प्रकारची नावे डोक्यात एकदम चालू झाली की हात थबकतो.

दुसरी गोष्ट गेल्या रविवारच्या तालमीत घडली. रूटच वाजवून वाजवून कंटाळा आल्यामुळे मी सीच्या कॉर्डवर पहिल्याच मात्रेला ई वाजवला. तो कॉर्डमधलाच स्वर आहे, तरीही गायिका मध्येच थांबली आणि म्हणाली, “ताई, पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटली.” चूक काय झाली हे मला नेमके सांगता आले नाही, आणि ते मनाला लागून राहिले आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे: स्वरांची नावे कॉर्डच्या रूटवरून घ्यावीत की गाण्याच्या षड्जावरून? आणि एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना हात दर वेळी नव्या आकारासाठी उडी मारतो, ते थांबवण्यासाठी कोणता रियाज करावा?

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी मडगावला राहतो आणि बरीच वर्षे लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवत आलो आहे. माझी सुरुवातही भजनातूनच झाली, त्यामुळे आपली अडचण मला अगदी ओळखीची वाटली.

माझ्या मते दोन्ही नावे लागतात, पण दोघांची कामे वेगळी आहेत. हाताने कॉर्डच्या रूटवरून मोजावे आणि कानाने गाण्याच्या षड्जावरून ऐकावे. आपण दिलेले चारही कॉर्ड सरगममध्ये लिहून पाहा. सी म्हणजे सा ग प, ए मायनर म्हणजे ध सा ग, डी मायनर म्हणजे रे म ध, आणि जी सेव्हन म्हणजे प नि रे म. यांत एकही स्वर बिलावल थाटाच्या, म्हणजे सात शुद्ध स्वरांच्या, बाहेरचा नाही. षड्ज बदलत नाही, फक्त सोबतीला बसणारे स्वर बदलतात. सीवरून ए मायनरवर जाताना सा आणि ग जागेवरच राहतात आणि प तेवढा ध होतो. डी मायनरवरून जी सेव्हनवर जाताना रे आणि म कायम राहतात. जी सेव्हनवरून सीवर परतताना नि वर सरकून सा होतो आणि म खाली उतरून ग होतो, दोन्ही वेळा अर्ध्या स्वराचेच अंतर. हे म-ग आणि नि-सा आपण भजनात हजारो वेळा वाजवले असेल. हार्मोनियमवर डाव्या हाताने भाता चालवत उजव्या हाताने एवढ्याच दोन जोड्या वाजवून ऐका. बेस हातात घेण्यापूर्वी हे करावे असा माझा आग्रह आहे.

आता हाताविषयी. पाठ केलेला प्रत्येक आकार रूटपासून सुरू होत असल्यामुळे रूट जिथे असेल तिथे हात धावतो. त्याऐवजी डावा हात दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटवर ठेवा, एका फ्रेटला एक बोट, आणि तो तिथून हलवायचाच नाही असे ठरवा. सी हा ए तारेवर तिसऱ्या फ्रेटला, ई हा डी तारेवर दुसऱ्याला, जी त्याच तारेवर पाचव्याला. ए मायनरसाठी ए हा ई तारेवर पाचव्या फ्रेटला आहे, सी आणि ई आधीच्याच जागी. डी मायनरचा डी हा ए तारेवर पाचव्याला, एफ हा डी तारेवर तिसऱ्याला, ए हा जी तारेवर दुसऱ्याला. जी सेव्हनचा जी हा ई तारेवर तिसऱ्याला, बी हा ए तारेवर दुसऱ्याला, आणि डी, एफ आत्ताच सांगितले तिथेच. चारही कॉर्ड चार फ्रेटच्या आत बसतात.

मेट्रोनोम (ठोके देणारे लययंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून प्रत्येक कॉर्डला चार मात्रा द्या. पहिल्या फेरीत रूट, थर्ड, फिफ्थ, पुन्हा थर्ड. दुसऱ्या फेरीपासून अट अशी की चौथ्या मात्रेचा स्वर पुढच्या कॉर्डच्या रूटच्या जवळ असला पाहिजे. उदाहरणार्थ जी सेव्हनच्या शेवटी बी वाजवला की ए तारेवर एकच फ्रेट पुढे सी तयार असतो. तोंडाने मात्र सरगम म्हणत राहा. बहुतेक जण लाजून हे सोडून देतात, पण तोंड बंद राहिले की बोटे पुन्हा आकारच शोधू लागतात.

गायिकेला जे जाणवले ते खरेच आहे. सर्वांत खालचा स्वर आपल्या हातात असतो. पहिल्या मात्रेला ई वाजला की कीबोर्डवाला सीचाच कॉर्ड धरून असला तरी तो कॉर्ड उलटा, ई वर टेकलेला ऐकू येतो. ती चूक नव्हे, अनेक चालींत ते मुद्दाम करतात, पण गायकाला त्याची आधी कल्पना हवी. तूर्तास पहिली मात्रा रूटला द्या आणि थर्डला दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेवर आणा. जाड ई तारेवर अगदी खाली थर्ड घेताना आधीचा रूट बोटाने नीट दाबून बंद करा, कारण इतक्या खाली दोन स्वर एकमेकांवर घुमले की नुसता गढूळ आवाज येतो. त्या व्हायोलिनवादकांना सोडू नका. त्यांचा दो-रे-मी म्हणजे स्वरांची पक्की नावे आहेत, आपण ज्याला सी, डी, ई म्हणतो तेच. त्याची सरगमशी तुलना करायची गरज नाही.

धागाकर्तीकडून

आपले मनापासून आभार. आपण एवढ्या तपशिलाने लिहिलेत, त्याचे मोल माझ्यासाठी फार आहे.

चार दिवस रोज पाऊण तास सांगितल्याप्रमाणे बसले. हार्मोनियमवर म-ग ऐकल्यानंतर बेसवर डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर बोट आणले तेव्हा तोच स्वर-उतार हाताखाली आला, आणि जी सेव्हन कशासाठी सीकडे ओढतो हे मला प्रथमच कळले. हात आता दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटवर स्थिर राहतो, फक्त डी मायनरच्या वेळी करंगळी ए तारेवर उशिरा पोहोचते. सरगम म्हणत वाजवताना ए मायनरला अजून ‘सा’ तोंडातून निघतो तेव्हा मन क्षणभर अडते, परंतु हात पुढे जातो.

एक गोष्ट अजून विचारायची आहे. आमच्याकडे मांडो (गोव्यातील कोंकणी गीतप्रकार) वाजवला जातो, त्याची चाल संथ आणि सहा मात्रांची असते. तिथे पहिल्या मात्रेला रूट दिल्यानंतर चौथ्या मात्रेला पुन्हा रूट घ्यावा की फिफ्थ? चौथ्यालाही थोडे वजन असल्यामुळे मी सध्या तिथे फिफ्थ घेते आणि सहाव्या मात्रेला पुढच्या रूटजवळचा स्वर ठेवते. येत्या रविवारी तालीम आहे, त्याआधी कोणी सांगितल्यास त्याप्रमाणे बसवून नेईन.