संस्थेची मूल्यं तुमच्यापर्यंत कशी पोहोचली? (अनुभव धागा)

आमच्या ट्रस्टमध्ये यंदा बरेच नवे कार्यकर्ते आलेत. संस्था कशासाठी उभी राहिली हे जुन्यांना ठाऊक आहे, नव्यांपर्यंत ते न्यायचं कसं यावर आमचा खल चालू आहे. ध्येयवाक्य छापून वाटलं की झालं, असं मला वाटत नाही. तुमच्याकडे हे कसं जमलं, किंवा कुठे अडलं, ते लिहा.

दूध संस्था, कोल्हापूर
आमच्या डेअरीत चेअरमनची किटली पण रांगेतच. दुधातलं फॅट मोजायचं मशीन नवीन आलं तेव्हा म्हातारी माणसं विश्वास ठेवेनात. सेक्रेटरीनं सगळ्यांसमोर एकाच किटलीतलं दूध दोनदा लावून दाखवलं, आकडा तोच आला. 'संस्था सभासदांची' असं अहवालावर दरवर्षी छापतात, पण लोकांना ते पटलं त्या दिवशी.

मुंबई
मावशी लिज्जतचे पापड लाटायची. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेली ही संस्था. प्रत्येक सभासद मालक, आणि एकमेकींना 'बहीण'च म्हणायचं. लाटायला-वाळवायला स्वच्छ जागा आहे का, हे बघायला आधी बहिणी घरी आल्या होत्या. मावशी म्हणायची, "जो पापड आपण खाणार नाही, तो द्यायचा नाही." मालकीण असल्यासारखीच बोलायची, कारण ती होतीच!

आयटी, पुणे
टाउनहॉलमध्ये, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांच्या बैठकीत, पारदर्शकतेवर स्लाइड दाखवली आणि त्याच आठवड्यात टीममधल्या काहींची नोकरी गेल्याचं आम्हाला मेलवरून कळलं. ती स्लाइड नंतर कुणी मनावर घेतली नाही. पुढच्या कंपनीत मॅनेजरने ज्युनियर मुलांना सोबत बसवून क्लायंटला सांगितलं, "तारीख हुकणार आहे, अंदाज आमचा चुकला." त्यानंतर मुलं अडचणी वेळेत सांगायला लागली.

बचत गट, सातारा
पंचसूत्री आम्हा सगळ्यांना पाठ आहे: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. पाठ असून काय होतं म्हणा. आमच्याकडे हिशेब मोठ्याने वाचतात आणि वाचणारी दर बैठकीला बदलते. ज्या ताईंना अक्षरओळख नाही, त्यांनाही स्वतःची बाकी तोंडपाठ असते. एकदा त्यांच्यातल्याच एकीने व्याजाची चूक पकडली.

धागाकर्ता
ताई, हे आम्ही उचलतोय. पुढच्या बैठकीत जमाखर्च नव्यांपैकी कुणीतरी वाचेल. पण अडखळलं तर?

बचत गट, सातारा
शेजारी जुनी सभासद बसवा. तिने मदत करायची, वही मात्र काढून घ्यायची नाही.