मदत हवी आहे: सगळ्यांना चालेल असं हॉटेल आणि घरचा सोपा स्वयंपाक

घरात लहान मुलं आहेत, सासूबाईंना तिखट-तेलकट अजिबात सोसत नाही. बाहेर जेवायचं ठरलं की हॉटेल निवडतानाच दमायला होतं. "कमी तिखट करून देतो" म्हणतात, पण ग्रेव्ही आधीच तयार असते, मग तिखट कमी होणार कसं? त्यात गोंगाट इतका की सासूबाईंना शेजारचं बोलणंही ऐकू येत नाही. फोन करून तुम्ही आधी नेमकं काय विचारता?

आणि रोजचं घरी सोपं कसं करता? रविवारी थोडं शिजवून ठेवते. २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवलं तरी ३-४ दिवसांत संपवावंच लागतं, म्हणजे गुरुवारपासून पुन्हा धावपळ. एकाच भांड्यात होणारं, मुलांना आणि सासूबाईंनाही आवडेल असं काही सुचवा ना, प्लीज.