चाल म्हणायचं की संगीत? आणि हिंदीत काय लिहू?

कट्टेकरीण
शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण शिवाजी पार्कात कट्ट्यावर जमतो, आठवडाभरात कोणी काय ऐकलं ते सांगायचं, एखादं गाणं फोनवर लावायचं, एवढाच कार्यक्रम. मंडळी वाढली म्हणून मी हल्ली एक कागद करते, गाण्याचं नाव, शब्द, चाल, आवाज. मागच्या वेळी माझं 'श्रावणात घन निळा' होतं, मी लिहिलं शब्द पाडगावकर, चाल श्रीनिवास खळे, आवाज लता मंगेशकर. तर आमच्यातले एक काका म्हणाले की चाल खोडा आणि संगीत लिहा, चाल भजनाला नाहीतर आरतीला असते, खळेकाकांचं ते संगीत. मला अजिबात पटलं नाही. आमच्या घरी आजोबांपासून सगळे नवीन गाणं कानावर पडलं की पहिलं 'चाल कोणाची?' असंच विचारत आलेत.

त्यात आमच्यात दोघी हिंदी बोलणाऱ्या आहेत. त्यांच्यासाठी तोच कागद हिंदीत केला आणि 'चाल : श्रीनिवास खळे' वाचून एकीने विचारलं की यांनी कोणता डाव टाकला होता. तर हिंदीत धुन लिहू, तर्ज लिहू की संगीतच? शनिवारच्या आत सांगा प्लीज, कागद छापायला द्यायचाय.

षड्जपंचम
काका बरोबर आहेत. चाल म्हणजे फक्त शब्दांना लावलेली सुरावट. गाण्यात आधीचा तुकडा असतो, दोन कडव्यांच्या मधली बासरी असते, ठेका कुठला आणि किती लयीत हे ठरवावं लागतं, ते सगळं मिळून संगीत. नुसतं चाल लिहिलंत तर संगीतकाराच्या अर्ध्या कामाचा उल्लेखच होत नाही. हिंदीतही संगीतच लिहा, प्रश्न मिटला.

गोरेगाव_स्लो
मिटला कसा? तुम्ही जे मधले तुकडे म्हणताय ते कित्येकदा संगीतकाराचे नसतातच, ते संयोजकाचे, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणाऱ्याचे असतात. अनिल मोहिल्यांनी किती मराठी गाण्यांचं संयोजन केलं आणि लोकांना नाव तरी माहीत आहे का? 'संगीत : अमुक' असं लिहिलं की वादकाच्या पुढ्यात कागद ठेवणारा माणूस गायब होतो. उलट चाल एकाची आणि संयोजन दुसऱ्याचं असं लिहिलं तर दोघांचं काम दोघांच्या नावावर जातं. म्हणून माझं मत चालीला. आणि कट्टेकरीण, कागदावर संयोजनाचा पाचवा रकाना कराच.

लालबागकर
चाल भजनाला असते हे काका असं म्हणाले जसं काही भजन म्हणजे हलकं काम. आमच्याकडे डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, ऐकलीय का कोणी? दोन बुवा समोरासमोर, इकडे पखवाज तिकडे पखवाज, एकाने गजर घेतला की दुसऱ्याला त्याच्यावर चढ घ्यायचा असतो. गेल्या महिन्यापासून मी फोनवर जुन्या बाऱ्यांची रेकॉर्डिंगच ऐकतोय, चर्चगेट ते बोरिवली एक बारी आरामात होते. बुवा पेटीवर हात ठेवून आधी सांगतो की 'चाल ऐका', मग दोन आवर्तनं नुसती पेटी, कोरसवाल्यांनी तेवढ्यात पकडायची, झांजा पडल्या की सुटलीच. तिथे कोणी 'संगीत ऐका' म्हणत नाही आणि म्हटलं तर कोरसला कळायचंही नाही की आता काय पकडायचं.

आणि पोवाड्यांची छापील पुस्तकं काढून बघा. मध्येच 'चाल' एवढाच शब्द छापलेला असतो, तिथे शाहीर सुरावट बदलतो. शाहिरीत तो रोजचा शब्द आहे.

पार्लेपूर्व
लालबागकर, शब्द हलका आहे असं माझंही म्हणणं नाही. पण लिखाणात थोडा नेमकेपणा हवा. मराठीत 'स्वररचना' इतका चांगला शब्द आहे तो वापरावा. चाल बोलताना ठीक.

लालबागकर
लिखाणात म्हणाल तर संगीत नाटकांच्या जुन्या प्रती बघा की, प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि चाल. ज्या गाण्यावरून पद बांधलं त्याचे पहिले शब्द तिथे दिलेले असायचे. तेव्हाच्या छापखान्याला जो शब्द चालला तो आपल्याला का नको?

पार्लेपूर्व
पण तुम्हीच बघा तिथे चाल म्हणजे काय आहे ते. आधीच असलेलं कुठलं तरी गाणं, ज्याच्या 'चालीवर' हे नवं पद म्हणायचं. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनी साक्या, दिंड्या असे जुने छंद, लोकांच्या ओठांवरच्या चाली घेतल्या म्हणून तसं छापायला लागलं. चाल म्हणजे उसनी. पुढे १९११ मध्ये 'मानापमान' आलं, पदं खाडिलकरांची आणि त्यांना गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या वळणावर बांधलं, तिथपासून संगीतकार ही वेगळी असामी दिसायला लागली. खळ्यांनी कोणाच्या चालीवर काही बसवलेलं नाही, त्यांनी रचलं. म्हणून स्वररचना.

षड्जपंचम
हा मुद्दा चांगला आहे, मी संगीतवरून स्वररचनेवर यायला तयार आहे.

निपाणी_ते_भांडुप
उसनी कशी? 'चालीवर' आणि 'चाल' यात फरक आहे की. चालीवर म्हटलं की उसनं, 'चाल लावली' म्हटलं की स्वतःची. चाल लावणे, चाल बांधणे, चाल देणे, चाल सुचणे, हे सगळं नवीन करण्याचंच बोलणं आहे. स्वररचना कोणाला सुचते? स्वररचना करावी लागते. रात्री अडीचला उठून पेटी ओढून बसायला लावते ती चाल.

आमच्या निपाणीकडे कानडी माणसं याला धाटी म्हणतात, अमक्या गाण्याच्या धाटीवर. आपली धाटणी त्यातलीच असणार असं मला कायम वाटत आलंय. गुजरातीत ढाळ म्हणतात, भायखळ्याला एका गुजराती शेठकडे कामाला होतो तेव्हा त्यांच्या घरच्या बाया गरब्याच्या वेळी म्हणायच्या. म्हणजे चालणं, ढळणं, सगळीकडे गाण्याला हालचालीचा शब्द. रागाचं चलन, म्हणजे त्याची स्वरांतून जायची रीत, म्हणतो तेही तेच. माझं तर मत आहे की नाचणाऱ्या बायकांच्या पायातले चाळ आणि गाण्याची चाल हा एकच शब्द, पावलाबरोबर वाजतं ते चाळ आणि पावलाबरोबर जाते ती चाल.

खडूफळा
शब्द एक नाही, भावंडं म्हणा. मूळ धातू चल् हे खरं. पण प्राकृतात 'चल्लइ' असा जोड ल झाला, आणि जोड ल मराठीत येताना ल च राहतो. दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला ल मात्र ळ होतो. फल चं फळ झालं पण फुल्ल चं फूल झालं, तसंच. 'चालय' मधून चाळणे, चाळवणे आलं आणि चल्ल मधून चालणे, चाल. हा नियम मी शाळेत पोरांना फळ्यावर फळ आणि फूल शेजारी शेजारी काढून सांगायचो, कोणी विसरत नाही.

निपाणी_ते_भांडुप
फळ आणि फूल! हे झकास आहे सर. पण पायातले चाळ मी सोडत नाही, कानाला ते एकच वाटतात.

कट्टेकरीण
मंडळी, फळफूल छान आहे, माझा हिंदीचा प्रश्न राहिला. धुन की तर्ज?

गोरेगाव_स्लो
धुन बरं. तर्ज कव्वालीत आणि लोकगीतात ऐकलाय, भावगीताला जरा लांबचा वाटतो. पण मराठीत उलट धून नको, आपल्याकडे धून म्हणजे मैफल संपताना बासरीवर किंवा संतूरवर हलकंफुलकं वाजवतात ते.

षड्जपंचम
हिंदी रेकॉर्डवर 'धुन' कधी लिहिलेलं पाहिलंय का? संगीत असतं. त्या दोघींना खळेकाका कोण हे सांगायचं असेल तर 'राम श्याम गुणगान' ऐकवा, भीमसेनजी आणि लताबाई, संगीत खळे, हिंदीच आहे. मी सध्या तेच लावतोय सकाळी.

खडूफळा
आणखी एक. पुस्तकात 'कविता चालीवर म्हणा' असं असायचं. ती चाल कोणाची? कोणाचीच नाही. वृत्त ठरलं की चाल त्याच्याबरोबर येते, भुजंगप्रयात म्हटलं की पोरं आपोआप 'मना सज्जना' च्या झोक्यात म्हणतात. म्हणजे चालीला मालक नसतो हा पार्लेपूर्वांचा मुद्दा निम्मा बरोबर. पण एका गीताला दोन माणसांनी दोन चाली लावल्या की मालक लगेच दिसतात. वंदे मातरम् घ्या. आकाशवाणीवर सकाळी लागतं ते देस रागामध्ये. गायक-संगीतकार मास्तर कृष्णरावांनी लावलं ते झिंझोटी रागात, सगळ्यांना मिळून म्हणता यावं या हट्टाने. शब्द तेच. इथे 'मास्तरांची चाल' यापेक्षा नेमकं काय लिहिणार पार्लेपूर्व? 'मास्तरांची स्वररचना' म्हटलं तर सभेत उभं राहून म्हणायचं गाणं एकदम दिवाणखान्यात जातं.

पार्लेपूर्व
दिवाणखान्यात गेलं तर काय बिघडलं? मास्तर दिवाणखान्यातही तेवढेच मोठे होते. मला भीती वेगळी आहे. सगळ्यालाच चाल म्हणायला लागलो की सिनेमातल्या गाण्यावर अभंग बसवणारा आणि खळे एकाच रांगेत येतात. डबलबारीत हल्ली तेच चाललंय. तुकोबांचा अभंग आणि खाली पेटीवर आयटम साँग. त्यालाही चालच म्हणतात ना?

लालबागकर
हो चालच म्हणतात, आणि बसवणं सोपं नाही. अभंगाची अक्षरं सिनेमाच्या चालीत बसवताना कुठे ओढायचं कुठे सोडायचं हे कळायला कान लागतो. गिरणीतून सुटून रात्री भजनाला बसणाऱ्या माणसांनी ही कला मुंबईत ठेवली. आणि सिनेमाच्या चाली नाटकवाल्यांनी घेतल्या नाहीत पण ठुमऱ्या, लावण्या घेतल्याच की. तेव्हाची ठुमरी चालते आणि आताचं सिनेमाचं गाणं नाही, हे का?

पार्लेपूर्व
कारण ठुमरी घेताना टेंब्यांनी तिच्यात बदल केले, नाटकाच्या प्रसंगाला बांधली. तुमचे बुवा जशीच्या तशी उचलतात.

लालबागकर
सगळे नाही उचलत. जुनी मंडळी अभंगाला परंपरेचीच चाल घेतात आणि सिनेमा फक्त गवळणीत आणतात. हा फरक न ऐकता बोलू नका.

गोरेगाव_स्लो
गवळणीत तरी का आणायचा, गवळणीच्या स्वतःच्या इतक्या चाली आहेत. आमच्या गावच्या बुवांकडे 'येई हो विठ्ठले' सुद्धा वेगळं होतं, 'माऊली ये' मधला 'ये' ते खाली आणून सोडायचे, मुंबईत सगळे वर नेऊन श्वास संपेपर्यंत धरतात. लालबागकर, तुमच्याकडे कसं म्हणतात?

लालबागकर
वर नेऊनच. पण शेवटच्या कडव्याला खाली. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तसं आहे, टाकतो.

निपाणी_ते_भांडुप
आमच्याकडे तिसरंच. मीही टाकतो, घरच्यांनी म्हटलेलं आहे, आवाज जरा लांबून येतो.

कट्टेकरीण
दोन्ही टाका, शनिवारी कट्ट्यावर लावते. मराठी कागदावर चाल ठेवलीय आणि संयोजनाचा रकाना वाढवलाय, त्यात निम्म्या गाण्यांना नावच सापडत नाहीये. 'श्रावणात घन निळा' चं संयोजन कोणाचं होतं, कोणाला नक्की माहीत असेल तर कळवा.