शब्दचर्चा : 'इंट्यूबेशन'ला 'नळी घालणं' म्हणावं का?

शब्दवेडी : रुग्णांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायच्या (म्हणजे 'इंट्यूबेशन'च्या) तीन पद्धती दिल्या आहेत : साधा लॅरिंगोस्कोप (घशात आतवर बघायचं पात्याचं उपकरण), व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणि रुग्ण जागा असताना फायबरऑप्टिक (बारीक, लवचिक) दुर्बिणीवरून. आधीच्या मसुद्यात 'अंतःश्वासनलिका नलिकाप्रवेशन' होतं. मी 'श्वासनलिकेत नळी घालणे' केलं, तर तपासणाऱ्यांनी 'नळी' खोडली. फार बोलीतलं वाटतं म्हणे. सही तर रुग्णानेच करायची आहे ना? शिवाय 'अवेक इंट्यूबेशन', म्हणजे ही जागेपणीची पद्धत, कसं लिहू?

पाणिनीप्रेमी : 'नलिकाप्रवेशन' काय वाईट आहे? शास्त्राला शास्त्राची भाषा हवी. 'नळी' म्हटलं की मटणातली आठवते, नाहीतर 'नळी फुंकली सोनारे'.

सोलापूरकर : वडील आयसीयूत असताना डॉक्टर म्हणाले, "नळी टाकावी लागेल." आम्हाला वाटलं नाकातून जेवणाची. लघवीचीही नळीच. तेव्हा नुसतं 'नळी' नको, 'श्वासाची नळी' लिहा. आणि 'टाकणे' नको, 'घालणे'च बरं.

भूलवाली : भूल देणं हेच माझं रोजचं काम. 'श्वासाची नळी'ला माझं मत. पण पद्धतींतला फरक शब्दांत उतरला पाहिजे. साध्या लॅरिंगोस्कोपचं वाकडं पातं भूलतज्ज्ञ मॅकिंटॉश यांनी १९४३ मध्ये आणलं. जीभ डावीकडे सारायची, टोक जिभेच्या मुळाशी टेकवायचं आणि हँडल वर-पुढे उचलायचं. दातांवर टेकू घ्यायचा नाही. मग स्वरतंतू थेट डोळ्यांना दिसतात. व्हिडिओत कॅमेरा पात्याच्या टोकाजवळ असतो, त्यामुळे नजर सरळ रेषेत आणायची गरज नाही. मात्र पडद्यावर स्वरतंतू लख्ख दिसत असूनही नळी वळत नाही, असं होतं. म्हणून तिच्यात वाकवलेली तार घालतात. २०२२ च्या कॉक्रन आढाव्यात (यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) व्हिडिओने नळी न जमण्याचे प्रसंग कमी होतात असं दिसलं, तरी साधी पद्धत हातात असायलाच हवी.

जागेपणीची पद्धत गुटख्याच्या रुग्णांना फार लागते. तोंड दोन बोटंही उघडत नाही, मग पातं घालणार कुठून? घसा बधिर करून नाकातून दुर्बीण नेतो, तिच्यावरून नळी सरकवतो आणि ती श्वासनलिकेतच आहे याची खात्री झाल्यावर झोपेचं औषध देतो. म्हणून 'आधी नळी, मग भूल' असंच लिहा. माणसाला नेमकी त्याचीच भीती असते.

पाणिनीप्रेमी : ही तर शब्दाची व्याख्या झाली. संज्ञा कुठेय? आणि 'भूल' तरी शास्त्रीय आहे का? हिंदीत भूल म्हणजे चूक.

रानवाटा : पण मराठीत भूल पडते! रानभूल पडली की ओळखीची वाटसुद्धा सापडत नाही. 'भुलणे'तूनच आलाय हा शब्द. भान हरपणं, यापेक्षा नेमकं काय हवं? आमची आजी मात्र कुठल्याही भुलेला 'क्लोरोफॉर्म दिला' म्हणायची.

सोलापूरकर : आमच्याकडे 'गुंगीचं इंजेक्शन'.

भूलवाली : गुंगी वेगळी हो! गुंगीत हाक मारली की माणूस ओ देतो, पूर्ण भुलेत नाही. पत्रकात ही गल्लत झाली तर पंचाईत.

शब्दवेडी : बरं, 'लॅरिंक्स'ला 'स्वरयंत्र' ठेवलंय. चालेल?

रानवाटा : आमच्याकडे गळ्यावरच्या उंचवट्याला 'घाटी' म्हणतात. तोच शब्द घ्या की, किती सोपा आहे.

मराठवाडी : संभाजीनगरात 'घाटी' म्हणजे सरकारी दवाखाना. 'घाटीत नळी घातली' वाचून नातेवाईक पत्ता विचारत तिकडे जातील.

रानवाटा : म्हणून शब्दच सोडायचा? मग 'कंठ' घ्या.

पाणिनीप्रेमी : कंठ म्हणजे सगळा गळा. आणि 'घाटी'ची व्युत्पत्ती 'घंटिका'पासून असावी, पडजिभेशी संबंध आहे. कोशात पाहून सांगतो.

सोलापूरकर : पडजिभेला आमच्याकडे वेगळाच शब्द आहे, आईला विचारून लिहितो.